न विरघळणारे औषध, टिकणारे संरक्षण

पोटात घेतलेले औषध पाण्यात विरघळले नाही, तर ते रक्तात नीट पोहोचत नाही. म्हणून अविद्राव्यता हा औषधाचा दोष मानला जातो. तथापि हाच दोष योजनापूर्वक वापरला, तर एकाच इंजेक्शनातून अनेक दिवसांचे औषध देता येते. संधिज्वराला प्रतिबंध करणारे बेंझाथीन पेनिसिलिन हे याचे उत्तम उदाहरण होय.

संधिज्वर हा प्रामुख्याने 5 ते 15 वर्षे वयाच्या मुलांचा विकार आहे. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा सुजतो. वेळीच उपचार न झाल्यास काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, मोठे सांधे एकामागून एक सुजतात आणि हृदयाच्या झडपांना इजा होते. सांधे बरे होतात. झडपा मात्र कायमच्या अधू होऊ शकतात. विकार उलटला की ही इजा वाढते. मरोळसारख्या उपनगरातील दाट वस्तीत असा संसर्ग लवकर पसरतो.

साधे पेनिसिलिन सहज विरघळते. परंतु मूत्रपिंडे ते काही तासांतच बाहेर टाकतात. पेनिसिलिनचे दोन रेणू बेंझाथीनच्या एका रेणूशी जोडले, की पाण्यात अत्यल्प विरघळणारे लवण तयार होते. त्याचे सूक्ष्म कण पाण्यात कालवून स्नायूत खोलवर टोचले जातात. तेथे औषधाचा साठा होतो आणि तीन ते चार आठवडे त्यातून थोडे थोडे पेनिसिलिन रक्तात मिसळत राहते. 1954 साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याने हे औषध ‘लाँगॅसिलिन’ या नावाने पुरवले. कुटुंब नियोजन कार्यक्रमात 2017 पासून दिले जाणारे, तीन महिने टिकणारे ‘अंतरा’ इंजेक्शनही याच तत्त्वावर आधारलेले आहे.

हे औषध द्रावण नसून कणांचे मिश्रण असल्यामुळे काही दक्षता आवश्यक ठरते. ते नीट हलवूनच भरावे लागते. बारीक सुईत कण अडकतात. ते शिरेत कदापि देऊ नये, कारण त्यामुळे प्राणास धोका संभवतो. पेनिसिलिनच्या ॲलर्जीची आधी चौकशी करावी व इंजेक्शननंतर काही वेळ रुग्णावर लक्ष ठेवावे. मोठ्या मुलांना सामान्यतः 12 लाख युनिट, तर 27 किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना 6 लाख युनिट दिले जातात. आपल्याकडे सहसा दर 21 दिवसांनी इंजेक्शन घ्यावयाचे असते. हा क्रम किमान पाच वर्षे आणि हृदयास इजा झाली असल्यास त्याहून बराच अधिक काळ चालतो.

खरी अडचण येथेच आहे. मूल हिंडू-फिरू लागले, की पालकांना इंजेक्शन अनावश्यक वाटते. स्नायूतील साठा मात्र ठरल्या वेळी संपतो आणि संरक्षणही संपते. म्हणून शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यांची तारीख लक्षात ठेवून त्या दिवशी त्यांना सवलत द्यावी. सुटीत मूल गावी गेल्यास उपचारपत्रक सोबत नेण्यास पालकांना सांगावे, आणि पंचायत सदस्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची सोय होते की नाही हे पाहावे. एकविसावा दिवस न चुकणे, हाच या मुलांच्या हृदयाचा खरा बचाव होय.