वॉर्ड सांभाळण्याची तालीम

नर्सिंगच्या विद्यार्थिनीला इंजेक्शन, ड्रेसिंग सिनियर सिस्टरच्या हाताखाली शिकता येतं. पण चार पेशंट एकदम हाक मारत असताना आधी कुणाकडे जायचं, कोणतं काम कुणावर सोपवायचं, हे खऱ्या वॉर्डात करून बघता येत नाही. तिथे चूक पेशंटला भोवते. म्हणून कॉलेजात वॉर्डच उभा करायचा. यालाच सिम्युलेशन म्हणतात.

आधी शिक्षिका हेतू सांगतात: ही परीक्षा नाही, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. मग एक विद्यार्थिनी इन्चार्ज होते, दुसरी स्टाफ सिस्टर, तिसरी मावशी. सकाळचा ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती, मिळतो आणि काम सुरू होतं.

एक नंबरच्या पेशंटचे नातेवाईक डिस्चार्जसाठी आवाज चढवतात. दोन नंबरचं सलाईन संपत आलंय. तीन नंबरचं काल ऑपरेशन झालं. तो गप्प पडून आहे, पण नाडी १२४, रक्तदाब ९०/६०, ड्रेसिंग रक्ताने भिजलेलं. चार नंबरचं नाश्त्याआधीचं इन्सुलिन राहिलंय. त्यात फोन वाजतो.

नवखी मुलगी आवाजाकडे धावते. खरं तर तीन नंबरकडे इन्चार्जने स्वतः जायला हवं. सलाईन आणि इन्सुलिन स्टाफ सिस्टरकडे. मावशीकडे औषधाचं काम द्यायचं नाही, नातेवाईकांना बसवून घ्यायचं काम द्यायचं. डॉक्टरांना फोन करताना चार गोष्टी क्रमाने सांगायच्या: आत्ता काय होतंय, आधी काय झालं, मला काय वाटतं, काय हवंय. "सर, रक्तस्राव होतोय असं वाटतं, लगेच या."

प्रसंग वीस मिनिटांचा असेल, तर नंतरच्या चर्चेला त्याहून जास्त वेळ द्यावा. "तू चुकलीस" असं न म्हणता शिक्षिका विचारतात, "एक नंबरकडे आधी गेलीस, तेव्हा मनात काय होतं?" उत्तर देताना मुलीला स्वतःचा विचार कुठे अडला ते कळतं. मग भूमिका बदलून तोच प्रसंग पुन्हा.

अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात क्लिनिकलचे, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणाचे, निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनला दिले, तरी विद्यार्थ्यांचं ज्ञान आणि कौशल्य कमी पडलं नाही. मात्र शिक्षक प्रशिक्षित होते आणि चर्चा नीट होत होती. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमातही सिम्युलेशन आहे.

या शिक्षणासाठी पेशंटच्या जागी ठेवायचा महागडा पुतळा लागत नाही. चार खाटा, केस पेपर, एक फोन आणि पेशंट होणाऱ्या विद्यार्थिनी पुरेत. नर्सिंग कॉलेजांनी वेळापत्रकात चर्चेचा तास मात्र आधी राखून ठेवावा.