आसनांपलीकडचा योग

योग म्हणजे आसने, असा समज आज रूढ आहे. मात्र पतंजलींच्या सुमारे दोनशे योगसूत्रांत आसनाचे विवेचन अवघ्या तीन सूत्रांत आटोपते. त्यांच्या अष्टांगयोगाचे, अर्थात राजयोगाचे, उद्दिष्ट मनाची चंचलता शमवणे हे आहे. कर्मयोग फळाची आसक्ती सोडून कर्तव्य करण्यास शिकवतो, ज्ञानयोग विवेकाने आत्मस्वरूपाचा शोध घेतो, तर भक्तियोग अहंकार ईश्वरचरणी अर्पण करतो. आसन-प्राणायामावर भर देणारा हठयोग शरीर व प्राण यांची शुद्धी साधतो. तथापि ‘हठप्रदीपिका’ हा ग्रंथही त्याला राजयोगाकडे नेणारी पायरीच मानतो. त्यामुळे शरीर लवचीक राखणे एवढाच हेतू असेल, तर आसने पुरेशी ठरतात. मनःशांती हवी असणाऱ्याने मात्र आरंभ यम-नियमांपासून करावा.