बटन मशरूमचं किट मागवताय? आधी मांजरीचं टेम्परेचर बघा

पिशवी उघडा, पाणी मारा आणि पांढरेशुभ्र मशरूम तोडा. असे रील्स तुम्हीही बघितले असतील. पण मांजरीतल्या फ्लॅटमध्ये हे खरंच जमतं का?

जमतं, पण थंडीचे जेमतेम दोन-तीन महिने. आणि बाल्कनीत तर नकोच. कारण मशरूम म्हणजे झाड नाही, बुरशी आहे. तिला ऊन लागतच नाही.

बटनचा खरा हट्ट तापमानाचा. कंपोस्टमध्ये बुरशीचे धागे पसरताना 22 ते 25 अंश चालतात. पण मशरूम धरायला 14 ते 18 अंश लागतात, तेही दिवसरात्र. पुण्यात जानेवारीत पहाटे पारा 10-12 वर येतो, दुपारी मात्र 28-30 ला टेकतो. त्यामुळं घरातली सगळ्यात गार, ऊन न येणारी खोली शोधा. मोठे उत्पादक यासाठीच एसी खोल्या बांधतात.

दुसरी अडचण कंपोस्टची. गव्हाचा भुसा, कोंबडीखत, जिप्सम यांचा ढीग जुन्या पद्धतीनं साधारण 28 दिवस कुजवतात, मधूनमधून उलथतात. अमोनियाचा वास असा सुटतो की सोसायटीच्या ग्रुपवर तुमचाच विषय निघेल. म्हणून स्पॉन, म्हणजे मशरूमचं बियाणं, मिसळलेली तयार पिशवीच घ्या. पांढरे धागे भरले की वर दीड इंच निर्जंतुक मातीचा थर द्या. हा थर नसेल, तर बटन येत नाहीत. मग ओल टिकवायची, रोज थोडी ताजी हवा द्यायची. दोन-तीन आठवड्यांत पहिली तोडणी.

किती निघतं? चांगल्या युनिटमध्ये 10 किलो कंपोस्टमागे दीड-दोन किलो. घरी त्याहून कमीच धरा आणि मग किटची किंमत बघा.

आमचं मत विचाराल तर सुरुवात धिंगरीनं करा, म्हणजे ऑयस्टर मशरूम. तिला 20 ते 30 अंश चालतात, कंपोस्ट लागत नाही. भुसा रात्रभर भिजवून, गरम पाण्यात तासभर ठेवून निथळला की स्पॉन भरता येतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधन प्रकल्प आहे, स्पॉन आणि प्रशिक्षणासाठी आधी तिथं चौकशी करा. फक्त धिंगरीच्या कडा वर वळायच्या आत तोडा, नाहीतर बीजाणू हवेत उडतात आणि काहींना खोकला लागतो.

आणि पावसाळ्यात कुंडीत आपोआप उगवलेली छत्री? ती खाऊ नका. शिजवल्यानं प्रत्येक विष जात नाही.