मोहेंजोदडोचे सांगाडे आणि इंद्रावरील आरोप

मोहेंजोदडो येथे १९२२ ते १९३१ या काळात झालेल्या उत्खननांत खोल्यांमध्ये, गल्ल्यांत आणि एका विहिरीच्या पायऱ्यांवर, रीतसर दफन न केलेल्या अवस्थेत, ३७च्या आसपास सांगाडे व सांगाड्यांचे भाग सापडले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे तत्कालीन महासंचालक मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ साली त्यांची सांगड ऋग्वेदातील पुरे फोडणाऱ्या इंद्राशी घातली आणि हा आर्य आक्रमकांनी केलेल्या कत्तलीचा पुरावा ठरवला. हे चित्र इतके ठसठशीत होते की ते पाठ्यपुस्तकांत सहज शिरले. सांगाड्यांवर खरोखर घाव आहेत का, हे बारकाईने तपासण्याची निकड मात्र बराच काळ कोणाला भासली नाही.

न्यायवैद्यक मानवशास्त्रात, म्हणजे हाडांवरून मृताची ओळख आणि मृत्यूची परिस्थिती शोधणाऱ्या शास्त्रात, आघाताचा अर्थ लावताना पहिला प्रश्न असतो तो काळाचा. जिवंतपणी झालेल्या जखमेच्या कडा काही दिवसांनी बोथट होऊ लागतात आणि पुढे तेथे नवे, सच्छिद्र हाड धरते. अशी भरून येण्याची खूण दिसली, तर ती व्यक्ती घावानंतर निदान काही काळ जगली होती, एवढे निश्चित होते. मृत्यूच्या सुमारास झालेल्या आघातात ही खूण नसते; पण हाडातील कोलॅजन हे लवचीक प्रथिन शाबूत असल्यामुळे ते ओल्या फांदीसारखे वाकते, चिरफळते, त्याच्या कडा गुळगुळीत व तिरकस राहतात आणि त्यांचा रंग आजूबाजूच्या हाडासारखाच असतो. जमिनीत वाळलेले हाड मात्र खडबडीत कडांनी, बहुधा काटकोनात तुटते, आणि तुटलेली बाजू ताजी असेल तर ती उरलेल्या हाडाहून फिकट दिसते. येथे एक अडचण आहे, आणि ती न्यायालयात अनेकदा विसरली जाते. ‘मृत्यूच्या सुमारास’ हा हाडाच्या ओलाव्याचा काळ आहे, घड्याळाचा नव्हे. प्राण गेल्यावरही हवामानानुसार कित्येक आठवडे, कधी महिने हाड ओलेच राहते, त्यामुळे मारेकऱ्याचा घाव आणि नंतर प्रेतावर कोसळलेली भिंत यांचा भेद केवळ भेगेवरून करता येईलच असे नाही.

त्यानंतर येतो आघाताचा प्रकार. धारदार शस्त्राने सरळ, स्वच्छ चीर पडते, बोथट वस्तूने कवटी आत दबते व तिला भेगा जातात, आणि गोळी शिरताना कवटीच्या आतल्या अंगाला, तर बाहेर पडताना बाहेरच्या अंगाला छिद्र रुंद करते. दोन आघातांपैकी आधीचा कोणता, हे भेगांच्या भेटीवरून कळते. नंतरची भेग आधीच्या भेगेपाशी येऊन थांबते, कारण तेथे ताण पुढे नेणारे सलग हाडच उरलेले नसते.

या कसोट्यांवर मोहेंजोदडोची कत्तल टिकली नाही. जॉर्ज डेल्स यांनी १९६४ साली दाखवून दिले की हे सगळे सांगाडे एकाच काळातील मानता येत नाहीत आणि ज्या गढीसाठी अखेरची झुंज व्हायला हवी होती, त्या गढीत एकही मृतदेह आढळलेला नाही. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ केनेथ केनेडी यांनी १९८४ साली हाडांची फेरतपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा जखमेच्या म्हणता येतील अशा खुणा जेमतेम दोघांच्या कवट्यांवर आढळल्या, आणि त्यांपैकी एकाची जखम भरून येऊ लागली होती. घाव समजल्या गेलेल्या इतर खुणा जमिनीतील झिजेच्या आणि मोडतोडीच्या होत्या.

यावरून सिंधू संस्कृती पूर्णतः अहिंसक होती असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि तो अनेकांना झालाही. परंतु तोही हाडांना मान्य नाही. महाराष्ट्रातील इनामगाव, दायमाबाद व नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन सांगाड्यांवर काम केलेल्या ग्वेन रॉबिन्स शुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली हडप्पा येथील कवट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा आघातांचे प्रमाण अपेक्षेहून बरेच जास्त निघाले. शिवाय हे आघात सर्व दफनस्थळांत सारखे विखुरलेले नव्हते. शहराच्या पडत्या काळाशी जोडल्या गेलेल्या आणि नेहमीच्या दफनभूमीपासून वेगळ्या असलेल्या एका अस्थिसंचयात ते विशेष दाटीने आढळले. म्हणून या संशोधकांनी परक्या सैन्याऐवजी शहरातीलच सामाजिक उतरंडीकडे, कोणाला शहरात संरक्षण होते आणि कोणाला नव्हते या प्रश्नाकडे लक्ष वेधले.