निर्मनुष्य घाटांचा चित्रकार

बनारसचे घाट म्हटले की डोळ्यांसमोर प्रथम गर्दी उभी राहते. स्नानाला आलेले भाविक, पंड्यांच्या छत्र्या, नावाडी आणि मणिकर्णिकेवरील चितांभोवतीचे आप्तजन. रामकुमार यांनी हे शहर वर्षानुवर्षे रंगविले. परंतु त्यांच्या बनारसमध्ये माणूस जवळपास दिसतच नाही. याचे नवल वाटते, कारण त्याआधीचे दशकभर त्यांची ख्याती माणसांचे चित्रकार अशीच होती.

रामकुमार यांचा जन्म २३ सप्टेंबर १९२४ रोजी सिमल्यात झाला. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्राचे शिक्षण घेतले. त्याच काळात संध्याकाळच्या वर्गांत शैलोज मुखर्जी यांच्याकडे ते चित्रकला शिकू लागले. १९४८ मध्ये त्यांनी बँकेतील नोकरी सोडली आणि पुढे पॅरिस गाठून आंद्रे ल्होत व फेर्नां लेजे यांच्याकडे धडे घेतले. युद्धातून सावरणाऱ्या त्या शहरातील डाव्या विचारांचा आणि शांतता चळवळीचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला.

मायदेशी परतल्यावर त्यांच्या कॅनव्हासवर आली ती शहरातील हरलेली माणसे. नोकरी नसलेले तरुण, कारकून, कामगार कुटुंबे. ताठ खांदे, शून्यात लागलेले डोळे आणि मागे दाटीवाटीने उभी घरे. रामकुमार हिंदीतील नामवंत कथाकारही होते. निर्मल वर्मा हे त्यांचे धाकटे बंधू. कथांतून भेटणारा एकाकी मध्यमवर्गीय माणूसच त्यांच्या चित्रांतही उभा होता.

१९६० मध्ये ते मकबूल फिदा हुसेन यांच्यासोबत बनारसला गेले. दोघांनी स्वतंत्रपणे हिंडून रेखाटने केली. या प्रवासानंतर रामकुमार यांच्या चित्रांतून माणसे हळूहळू नाहीशी झाली. उरल्या त्या पायऱ्या, एकमेकींना रेटणाऱ्या भिंती, काळोख्या खिडक्या आणि स्तब्ध पाणी.

दुःखितांची बाजू घेणाऱ्या चित्रकाराने माणसाकडे पाठ फिरविली, असा याचा अर्थ काढता येईल काय? चित्रे तसे सांगत नाहीत. जेथे जन्म, भक्ती आणि मरण एकाच पायरीवर भेटतात, तेथे एखादा चेहरा रंगविला तर ते त्या एकाच माणसाचे दुःख ठरते. चेहरा वगळला की तो भार साऱ्या शहरावर येतो. पूर्वी माणसांच्या खांद्यांत दिसणारा ताण आता कललेल्या घरांत दिसू लागला.

हे साधण्यासाठी पॅरिसमधील शिक्षण उपयोगी पडले. समोरच्या दृश्याचे सपाट पृष्ठांत तुकडे करून त्यांची नव्याने मांडणी करण्याची घनवादी शिस्त ल्होत यांच्याकडे मिळाली होती. आरंभीच्या बनारसचित्रांत घरे ओळखू येतात. पुढे त्यांच्या कडा विरघळतात आणि रंगांचे रुंद पट्टे उरतात. राखाडी, तपकिरी व काळ्या छटांनी सुरू झालेला हा प्रवास नंतर निळ्या, हिरव्या आणि गेरूसारख्या रंगांपर्यंत पोहोचला.

या वाटेचे वेगळेपण वासुदेव गायतोंडे यांच्याशी तुलना केल्यास ध्यानी येते. नागपुरात जन्मलेले गायतोंडेही १९२४ चेच आणि तेही पुढे दिल्लीत स्थायिक झाले. मात्र त्यांनी चित्राला कोणत्याही दृश्य वस्तूपासून पूर्ण मुक्त केले. रामकुमार यांनी जमिनीशी असलेला धागा तुटू दिला नाही. त्यांचे चित्र कितीही अमूर्त झाले तरी त्यात नदीचा काठ, डोंगराचा उतार वा पडक्या घराची भिंत जाणवत राहते. म्हणूनच त्यांना अमूर्त चित्रकार म्हणण्यापेक्षा आधुनिक निसर्गचित्रकार म्हणणे अधिक योग्य ठरते.

१९७२ मध्ये पद्मश्री, १९८६ मध्ये कालिदास सन्मान आणि २०१० मध्ये पद्मभूषण असे गौरव त्यांना लाभले. १४ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अनेक चित्रांना शीर्षक नाही. अशा चित्रासमोर उभे राहिल्यावर हा कोणता घाट, हे शोधत बसण्याची गरज नाही. रंगाचा एक पट्टा दुसऱ्यावर कसा टेकला आहे, कोठे दबला आहे, मोकळी जागा कोठे उरली आहे, एवढे पाहावे. दिसत नसलेल्या माणसांचा वावर तेथेच जाणवू लागतो.