मुखकायाकल्प, शस्त्रक्रियाविरहित

वयोमानाने चेहऱ्यावर पडणाऱ्या सुरकुत्या, डाग, त्वचेचा सैलपणा व गालांचा खोलगटपणा कमी करण्यासाठी त्वचा न कापता जे वैद्यकीय उपचार करतात, त्यांना शस्त्रक्रियाविरहित मुखकायाकल्प म्हणतात. मलमे, रासायनिक निर्लेखन (त्वचेचा वरचा थर रसायनाने सोलून काढणे), लेसर, अंतःक्षेपणे (इंजेक्शने) व उष्णता देणारी उपकरणे हे त्यांचे मुख्य प्रकार होत. प्रत्येक प्रकार चेहऱ्याच्या ठराविक थरावरच कार्य करतो. म्हणून दिसणारा बदल कोणत्या थरातील आहे हे न ओळखता केलेला उपचार निष्फळ व प्रसंगी घातकही ठरतो.

वार्धक्यजन्य बदल : त्वचेचे बाह्यत्वचा व तिच्याखालील अंतस्त्वचा असे दोन थर असतात. अंतस्त्वचेतील कोलॅजेन तंतूंमुळे त्वचेला बळकटी, तर इलॅस्टिन तंतूंमुळे लवचिकपणा येतो. प्रौढ वयात कोलॅजेन हळूहळू घटत जाते व त्वचा पातळ होते. कपाळ व भुवया यांच्या स्नायूंच्या वारंवार आकुंचनाने तेथे आडव्या-उभ्या रेषा उमटतात. त्वचेखालील वसेच्या (चरबीच्या) गाद्या काही ठिकाणी झिजतात, तर काही ठिकाणी खाली ओघळतात. नेत्रकोटरे रुंदावतात व वरच्या जबड्याचे हाड मागे सरते, त्यामुळे वरील ऊतकांचा आधार कमी होतो. या स्वाभाविक क्रियेत सूर्यप्रकाशातील जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांच्या परिणामाची भर पडते. ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण अंतस्त्वचेपर्यंत पोहोचून तेथील तंतूंची हानी करतात. धूम्रपानानेही सुरकुत्या लवकर पडतात. त्याच व्यक्तीच्या कपड्यांनी झाकलेल्या भागाची त्वचा चेहऱ्यापेक्षा तरुण दिसते, ती यामुळेच.

प्रतिबंध व मलमे : उन्हापासून संरक्षण हा सर्वांत स्वस्त व निर्धोक उपाय आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांवर सु. साडेचार वर्षे केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज सूर्यरोधक मलम लावणाऱ्यांच्या त्वचेत, मर्जीनुसार लावणाऱ्यांच्या तुलनेने, वार्धक्याची चिन्हे २४ टक्के कमी आढळली. अ जीवनसत्त्वापासून मिळणारे ट्रेटिनॉइन हे औषध कोलॅजेननिर्मितीस चालना देते. उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेवरील त्याचा परिणाम अमेरिकन त्वचारोगतज्ञ ॲल्बर्ट क्लिगमन व त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये मांडला. त्याचा गुण दिसण्यास काही महिने लागतात, आरंभी त्वचा लाल होऊन सोलवटते व गरोदरपणी ते वापरत नाहीत. आयुर्वेदात मुखलेपांचे वर्णन आढळते आणि हळद, चंदन व डाळीचे पीठ यांची उटणी घरोघरी वापरतात. त्यांनी त्वचा स्वच्छ व मऊ होते, परंतु अंतस्त्वचेतील झीज भरून निघत नाही.

रासायनिक निर्लेखन : ग्लायकॉलिक, सॅलिसिलिक किंवा ट्रायक्लोरोॲसिटिक अम्ल ठराविक संहतीत लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढतात व त्याजागी नवी त्वचा येते. उथळ निर्लेखनाने डाग व त्वचेचा खरखरीतपणा कमी होतो. फिनॉलाने केलेले खोल निर्लेखन ठळक सुरकुत्यांवर प्रभावी असले, तरी फिनॉल रक्तात शोषले जाऊन हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असतो. म्हणून ते हृदयक्रियेवर देखरेख ठेवूनच करावे लागते.

लेसर : मूळचे बारामतीचे व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले सी. कुमार एन्. पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डाय-ऑक्साइड लेसरचा शोध लावला. त्याचे १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण पाण्यात तीव्रतेने शोषले जातात. त्वचेच्या कोशिकांत पाणी विपुल असल्याने अतिशय पातळ थर वाफ होऊन निघून जातो आणि खालच्या थरात पोहोचलेल्या उष्णतेने नवे कोलॅजेन तयार होते. सबंध पृष्ठभाग अशा प्रकारे काढल्यास जखम भरण्यास बराच काळ लागतो. २००४ मध्ये मांडलेल्या अंशतः लेसर पद्धतीत किरण सूक्ष्म स्तंभांच्या रूपाने सोडतात. स्तंभांमधील त्वचा अबाधित राहिल्याने जखम लवकर भरते, मात्र एकाहून अधिक बैठका लागतात.

बोट्युलिनम विष : क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या सूक्ष्मजंतूचे हे विष तंत्रिकेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक द्रव्याचे उत्सर्जन थांबवते व स्नायू शिथिल करते. सॅन फ्रॅन्सिस्को येथील नेत्रवैद्य ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरले व १९८० मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. कॅनडातील व्हँकूव्हर येथील जीन व ॲलिस्टर कारुथर्स या वैद्य दांपत्याने १९९२ मध्ये भुवयांमधील रेषांवरील त्याचा उपयोग वर्णिला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये त्यास मान्यता दिली. अत्यल्प मात्रेत टोचल्यावर काही दिवसांत परिणाम दिसू लागतो व तो सु. ३ ते ४ महिने टिकतो. हावभावांमुळे पडणाऱ्या रेषा त्याने कमी होतात, सैल त्वचा मात्र घट्ट होत नाही. विष शेजारच्या स्नायूत पसरल्यास पापणी काही आठवडे खाली झुकते. गरोदर स्त्रिया व स्नायुदौर्बल्याचे काही विकार असलेल्यांना ते देत नाहीत. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात २००४ मध्ये परवाना नसलेले तीव्र विष टोचले गेल्यामुळे चार व्यक्तींना गंभीर पक्षाघात झाला होता.

भरणद्रव्ये : झिजलेल्या वसेची जागा भरून काढण्याची कल्पना जुनी आहे. व्हिएन्ना येथील शल्यचिकित्सक रोबेर्ट गेर्झूनी यांनी १८९९ मध्ये पॅराफीनवर्गीय पदार्थ शरीरात टोचण्याची पद्धत सुरू केली. ती लोकप्रिय झाली, परंतु पुढे गाठी, व्रण व विद्रूपता उद्‌भवून तिचा त्याग करावा लागला. गाईच्या कोलॅजेनास अमेरिकेत १९८१ मध्ये मान्यता मिळाली, तथापि त्याची काहींना अधिहृषता (ॲलर्जी) होत असे. सांप्रत हायलुरोनिक अम्लाचे जेल अधिक प्रचारात आहे. हे द्रव्य शरीरात नैसर्गिकपणे आढळते व पाणी धरून ठेवते. जेलाचा परिणाम सामान्यतः काही महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत राहतो. हायलुरोनिडेज या एंझाइमाने ते विरघळवता येते, हा त्याचा मोठा गुण होय. जेल चुकून रोहिणीत शिरल्यास रक्तपुरवठा खंडित होऊन त्वचा मृत होते. नाक व भुवयांमधील रोहिण्यांचा डोळ्याच्या रोहिण्यांशी संबंध असल्याने तेथे टोचलेले द्रव्य उलट दिशेने जाऊन कायमचे अंधत्वही येऊ शकते. टोचताच त्वचा पांढरी पडणे, तीव्र वेदना वा दृष्टी अंधुक होणे ही तातडीच्या उपचारांची लक्षणे समजावीत.

उष्णतेने त्वचा घट्ट करणे : सु. ६० ते ७०° से. तापमानास कोलॅजेन तंतू आकुंचन पावतात व नंतर काही महिने नवे तंतू तयार होत राहतात. या तत्त्वावर रेडिओ-कंप्रता प्रवाह व केंद्रित श्राव्यातीत तरंग (अल्ट्रासाउंड) वापरणारी उपकरणे चालतात. पहिल्या प्रकारास अमेरिकेत २००२ मध्ये डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी, तर दुसऱ्यास २००९ मध्ये भुवया उचलण्यासाठी अनुमती मिळाली. श्राव्यातीत तरंग बाह्यत्वचेस धक्का न लावता सु. ४·५ मिमी. खोलीपर्यंत केंद्रित करता येतात. सौम्य सैलपणा असणाऱ्यांनाच यांचा बेताचा लाभ होतो. लोंबणारी त्वचा केवळ शस्त्रक्रियेनेच लक्षणीय प्रमाणात कमी होते. उष्णता अधिक झाल्यास भाजणे, वसा झिजून खड्डा पडणे किंवा तंत्रिकेस इजा होणे संभवते.

भारतीय त्वचा व दक्षता : गोऱ्या त्वचेच्या तुलनेने भारतीयांच्या त्वचेत मेलॅनीन हे रंगद्रव्य अधिक असते. त्यामुळे तिच्यावर सूर्यजन्य सुरकुत्या उशिरा पडतात, परंतु कोणत्याही दाहानंतर ती काळवंडण्याची प्रवृत्ती अधिक असते. गोऱ्या त्वचेसाठी ठरवलेली लेसरची ऊर्जा वा अम्लाची संहती जशीच्या तशी वापरल्यास सुरकुती जाऊन काळा डाग मागे राहतो व तो महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून सौम्य मात्रा, बैठकांमध्ये पुरेसे अंतर व आधी-नंतर उन्हापासून कडक संरक्षण आवश्यक असते. चेहरा उजळण्याच्या आशेने वैद्यकीय सल्ल्याविना लावलेली स्टेरॉइडयुक्त मलमे तर त्वचा पातळ करून तिच्या झिजेत भरच घालतात. हे उपचार सौंदर्यप्रसाधन नसून वैद्यकीय क्रिया आहेत. उपद्रव उद्‌भवल्यास तो तत्काळ ओळखून आवरू शकणाऱ्या प्रशिक्षित वैद्याकडूनच ते करून घ्यावेत. त्यांनी वार्धक्याची चिन्हे काही काळ सौम्य होतात, वार्धक्याची क्रिया थांबत नाही.