तिसऱ्या गठ्ठ्याची मोजणी

गुलाबी कागद आमदारांचे, हिरवे खासदारांचे. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतपत्रिकांचे रंग खरोखरच असे असतात, म्हणून बाईंनीही तेच आणलेत. पतंगाचा कागद आहे, घामाचा हात लागला की रंग सुटतो. मोजणीला बसलेल्या नववीतल्या मुलीची बोटं पहिल्याच फेरीत गुलाबी झाली आहेत.

धुळ्याहून अमळनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही शाळा. इथल्या नागरिकशास्त्राच्या बाई मुलांकडून राष्ट्रपती निवडून घेतात आणि ज्याच्या वाट्याला सिक्कीम येतं तो रडकुंडीला येतो, असं कानावर आलं, म्हणून मी आलो. निवडणुकांच्या बातम्या देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पण मतदान यंत्राच्या काळातल्या मोजणीत मत कुणाच्या हाताला लागत नाही. इथे ते लागतं.

चिठ्ठ्या टाकून मुलांना राज्यं वाटली गेली. उत्तर प्रदेशच्या आमदाराच्या मताचं मूल्य २०८, महाराष्ट्राच्या १७५, सिक्कीमच्या अवघं ७. सात मिळालेला मुलगा खरंच हिरमुसला. बाईंनी त्याची समजूत काढली नाही, त्याला फळ्यापाशी बोलावून गणित करायला लावलं. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. भागिले २८८ आमदार, भागिले हजार. उत्तर १७५. "आपल्या जळगाव जिल्ह्याचे अकरा आमदार, धुळ्याचे पाच. सोळा गुणिले १७५?" दोन हजार आठशे, असा एका सुरात गलका झाला.

१७५ हा आकडा बाईंच्या तोंडी दिवसभर असतो, त्याला कारण आहे. त्यांचं माहेर बोदवड तालुक्यातलं, नाडगावच्या जवळचं. नाडगाव हे प्रतिभाताई पाटलांचं जन्मगाव. २००७ मध्ये प्रतिभाताई उभ्या राहिल्या, शिवसेनेने भाजपबरोबरची युती बाजूला ठेवून मराठी उमेदवार म्हणून त्यांना पाठिंबा दिला, आणि २१ जुलैच्या मोजणीत त्यांनी ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशी भैरोसिंह शेखावतांवर मात केली. बाई तेव्हा कॉलेजात होत्या. "सगळे म्हणत होते, आपली लेक निवडून आली. मी वडलांना विचारलं, आपण मत कुठे दिलं? त्यांना सांगता येईना. मला पण येईना." आमदाराच्या त्या १७५ मध्ये आपलं घर कुठेतरी आहे, हे त्यांनी नंतर स्वतः शोधलं. आता दरवर्षी मुलांना शोधायला लावतात.

आदल्या तासाला त्यांनी अमेरिकेची १८२४ ची निवडणूक खेळून घेतली होती. चार उमेदवार आणि त्यांची निर्वाचक मतं: अँड्र्यू जॅक्सन ९९, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स ८४, विल्यम क्रॉफर्ड ४१, हेन्री क्ले ३७. निवडून यायला १३१ हवीत, ती कुणालाच नाहीत. मग निवड गेली तिथल्या प्रतिनिधिगृहाकडे. पहिले तीन रिंगणात, चौथे क्ले बाहेर. आणि क्ले तर त्या सभागृहाचे सभापती. त्यांनी आपलं वजन अ‍ॅडम्स यांच्या बाजूला टाकलं. राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकाला एक मत; चोवीसपैकी तेरा राज्यं अ‍ॅडम्सना मिळाली. अध्यक्ष झाल्यावर अ‍ॅडम्सनी क्लेंना परराष्ट्रमंत्री केलं. सर्वांत जास्त मतं घेतलेला जॅक्सन घरी बसला. मागच्या बाकावरून एक पोरगा उसळून म्हणाला, "मंग तो हारना कसा?"

त्याचं उत्तर म्हणून आजचा तास १९६९ चा. त्या वर्षी ३ मे रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं आणि ऑगस्टमध्ये निवडणूक लागली. मुख्य उमेदवार व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. रायगडकडचा माणूस, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. निवडून यायला लागणारा कोटा ४,१८,१६९ चा. गिरी सगळ्यांत पुढे, पण काठावरच अडकलेले. राष्ट्रपती निवडताना दुसरी पसंती मोजावी लागली, अशी आपल्याकडची ही एकच निवडणूक.

मला जे पाहायचं होतं ते आता सुरू झालं. तळाचे उमेदवार एकेक करून आधीच बाद झाले होते. त्या मुलीने देशमुखांचा गठ्ठा समोर ओढला. एक कागद उचलायचा, '२' कुणासमोर लिहिलाय ते मोठ्याने वाचायचं, शेजारच्याला दाखवायचं, मग त्या गठ्ठ्यावर ठेवायचं. '२' लिहिलेलाच नसेल तर कागद वेगळ्या डब्यात. कंटाळवाणं काम आहे, पण मी नजर काढू शकलो नाही. हरलेल्या उमेदवाराचा मतदार इथे दुसऱ्यांदा बोलत होता, आणि त्याचं म्हणणं गुलाबी बोटांची एक पोर नीट वाचून दाखवत होती. १८२४ मध्ये क्ले यांच्या मागच्या मतदारांच्या वतीने क्लेच बोलले. इथे देशमुखांना कुणाला काही द्यायचं नव्हतं, जे होतं ते कागदावर होतं.

खऱ्या मोजणीत देशमुखांची बरीच मतं रेड्डींकडे गेली, तरी गिरींना हवी तेवढी मिळाली: शेवटी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. कोट्याच्या वर जेमतेम १,९०८.

हे बाईंसाठी केवळ पुस्तकी नाही. नाशिक विभागाच्या शिक्षक मतदारसंघात त्या स्वतः मतदार आहेत. जून २०२४ मध्ये त्यांनी निवडणूक आयोगाच्या जांभळ्या पेनाने पसंतीचे आकडे लिहिले. "शिकलेली माणसं बरोबरची खूण करून येतात आणि मत बाद होतं. शाळेतच शिकायला नको का हे?" त्यांचा आवाज चढला. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. यंत्राने मोजणी सोपी झाली हे खरं, पण मत म्हणजे काय हे मुलांच्या हाताला कळावं असं वाटत असेल तर असा एक तास प्रत्येक शाळेत हवा.

मधली सुट्टी झाली तरी हिशेब जुळेना. एकूण मतांत १७५ कमी भरत होते. निकाल स्पष्ट होता, गिरी झालेल्या मुलाचं अभिनंदनही करून झालं होतं. बाई म्हणाल्या, "कोण जिंकलं ते नका सांगू. १७५ कुठे गेले ते सांगा." सगळे गठ्ठे पुन्हा मोजले गेले. रेड्डींच्या गठ्ठ्यात दोन गुलाबी कागद सुटलेल्या रंगाने एकमेकांना चिकटले होते. मुलीने नखाने ते सोडवले, खालच्यावरचा '२' वाचला, तक्त्यात आकडा दुरुस्त केला आणि मग सही केली.